फ्लेक्सवरची शिवकन्या

मी लातूरचा माणूस. आमच्या शहरात एका उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं आलं होतं, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. तेव्हा पोहण्याबद्दल माझं मत कुणी विचारू नये, आणि विचारतही नाही. पण माझी सख्खी भाची शिवकन्या पोहण्यात राज्यात पहिली आलेली पोरगी आहे, आणि तिच्यावरून गावात जी शोभा झाली ती दुसरं कुणी धडपणे सांगणार नाही. तिचा बाप तर मुळीच नाही. म्हणून हे काम मामाकडं आलं.

बाप म्हणजे माझे दाजी, शेषेराव. विष्णुपुरीच्या धरणाचा फुगवटा जिथं येऊन टेकतो तिथं त्यांचं रान. ऊस, हळद, कडेनं थोडं सोयाबीन. माणूस कष्टाळू आणि हट्टी, पण चारचौघांत बोलायची पाळी आली की तोंडाला कुलूप. पाण्यात मात्र हाच माणूस राजा. फुगवट्यात सोडलेल्या मोटारींच्या पाइपांना तळाशी जाळीचा फुटवॉल असतो. तो गाळानं बुजला की सारं गाव दाजींना हाक मारतं. दाजी अंगावरचे कपडे काठावर फेकतात, नुसत्या लंगोटीवर उभे राहून छातीत दम भरतात आणि बुडी मारतात. बायाबापड्या धुणी धूत असतात, पोरं बघत असतात, दाजींना त्याचं काही नसतं.

शिवकन्या लहानपणी काठावर बापाचे कपडे धरून बसायची. एक दिवस कपडे टाकून तीही मागोमाग पाण्यात गेली. दाजींनी तिला केसाला धरून बाहेर काढलं, एक ठेवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून स्वतःच पाण्यात सोडलं. दोन उन्हाळ्यांत डबा सुटला. ही पोरगी मग उताणी पोहायची, बेडकासारखी पोहायची, कुशीवर पोहायची, पाण्याखालून जाऊन म्हशीच्या पलीकडं निघायची. कुठल्या प्रकाराला काय नाव असतं हे बापालाही माहीत नव्हतं आणि म्हशीलाही.

शाळेच्या स्पर्धांत तिला नांदेडच्या जलतरण तलावावर नेलं तेव्हा ती पंजाबी ड्रेसवर पोहली. ओढणी तेवढी काठावर ठेवली होती. तिथं शिवप्पा सर म्हणून उदगीरकडचे प्रशिक्षक होते. त्यांनी शर्यत संपल्यावर तिला जवळ बोलावलं आणि आणखी तीन-चार तऱ्हांनी पोहायला लावलं. मग माझ्या बहिणीला म्हणाले, "ताई, हिला सगळं चुकीचं येतंय. पण सगळं येतंय."

तिथून तिची गाडी सुरू झाली. आधी ब्रेस्ट, म्हणजे आपलं बेडकाचं पोहणं, त्यात ती जिल्ह्यात आली. मग एका वर्षी फ्लायवाली पोरगी कावीळ होऊन पडली म्हणून सरांनी हिला घुसवलं. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकत जायचं असला तो दांडगा प्रकार, त्यातही ती विभागात तिसरी. पुढं उताणं पोहणं, पुढं रिले. कशातच एक नंबर नाही आणि कशातच मागंही नाही. मी तिला चिडवायचो, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ती रागवायची. शिवप्पा सर रागवायचे नाहीत. ते तिला मोबाइलवर एका जर्मन जलतरणपटूचे जुने व्हिडिओ दाखवायचे. तो गडी आज ह्या शर्यतीत तर उद्या त्या, लांबची म्हणू नका, जवळची म्हणू नका, उताणा म्हणू नका, आणि सगळीकडं चॅम्पियन. "एकच येणारे लई असत्यात," सर म्हणायचे, "सगळं येणाऱ्यासाठी वेगळी शर्यत हाय." त्या शर्यतीचं नाव मेडले. आधी फ्लाय, मग उताणं, मग ब्रेस्ट, शेवटी फ्रीस्टाइल. चारीही एकाच दमात. शिवकन्या तिथं पोचली आणि माझी म्हण माझ्याच पदरात पडली.

ह्या सगळ्या वर्षांत दाजी तलावाच्या फाटकाच्या आत एकदाही गेले नाहीत. पोरीला मोटारसायकलवर आणायचे, फाटकाशी सोडायचे आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचे. कारण होतं तो पोशाख. शर्यतीला पंजाबी ड्रेस चालत नाही, हे त्यांना सरांनी सांगितलं होतं. घरी तो पोशाख धुतला की अक्का, म्हणजे माझी बहीण सिंधू, दोरीवर आधी तो टाकायची आणि वरून आपलं लुगडं पसरायची. गावात कुणाला दिसू नये म्हणून. शिवकन्या ते बघायची. पोरगी पदकं आणायची ती भिंतीवर, आणि ज्यात पदकं मिळाली ते लुगड्याखाली, असा त्या घराचा कारभार होता.

गेल्या वर्षी ती राज्य स्पर्धेत मेडलेला पहिली आली. दाजींचा पुतण्या अंगद मित्रमंडळाचा अध्यक्ष आहे. मंडळात नऊ-दहा पोरं असतील, त्यांतले निम्मे उपाध्यक्ष. गावात कुणी तलाठी झालं, कुणाचा वाढदिवस आला, कुणी नुसता पुण्याहून परत आला, की अंगद फाट्यावर फ्लेक्स लावतो. तो दाजींकडं फोटो मागायला आला. दाजींकडं एकच फोटो होता, शिवप्पा सरांनी पाठवलेला. पोरगी ओली, गळ्यात पदक, अंगावर तो पोशाख.

दाजींनी फोटो दिला, पण म्हणाले, "गळ्याच्या खालचं बदलून टाक."

"बदलून काय टाकू, काका?"

"काहीबी टाक. अंगभर पायजे."

"आन कशात पयली आली ते?"

"यश म्हन. नुसतं यश."

नांदेडच्या फ्लेक्सवाल्यांकडं तयार अंगं असतात. कोट-टायचं अंग, काळ्या झग्यातलं पदवीचं अंग, नऊवारीचं अंग. आपण फक्त मुंडकं न्यायचं. अंगदला त्यातलं सगळ्यात रुबाबदार वाटलं ते खाकीचं, खांद्यावर दोन तारे असलेलं. सकाळी फाट्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांची रांग, खाली गॉगलवाल्या पोरांची रांग, मध्ये फौजदार शिवकन्या आणि तिच्याएवढाच अंगद. "गावच्या कन्येचे उज्ज्वल यश."

दाजी उसाला पाणी द्यायला निघाले तर हॉटेलावरचे लोक उठून उभे राहिले. "शेषेराव, पोरगी फौजदार झाली आन तुमी गप बसून राहिले?" आता इथं माणसानं सांगावं की बाबांनो, ती फौजदार नाही, ती पोहते. दोन वाक्यांचं काम. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न कपड्यांचा येणार, असं दाजींच्या मनानं घेतलं. ते म्हणाले, "हाव." म्हणजे हो. बस, तेवढंच. एका हाव-नं पोरगी खात्यात भरती झाली.

मला लातुरात ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. शिवकन्या तेव्हा नांदेडला होस्टेलवर राहत होती, तिलाही नाही. ती रविवारी गावी आली तेव्हा फाट्यावर उतरली आणि आपल्याच मुंडक्याखाली दुसरीचं अंग बघून तिथंच उभी राहिली. गाडीच्या ड्रायव्हरनं सलाम ठोकला म्हणे. घरी येऊन तिनं बापाला एवढंच विचारलं, "आबा, हे कुणी केलं?" दाजी म्हणाले, "राहू दे चार दिवस. पाऊसवाऱ्यानं फाटून जाईल." अक्कानं नवऱ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

दुपारी नागाबाई आली. गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी, मागंपुढं कुणी नाही. पदरात भुईमुगाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. तिनं त्या शिवकन्येच्या पुढ्यात ओतल्या आणि खाली बसली. दिराचा पोरगा बांध कोरून कोरून तिच्या रानात शिरला होता. चौकीत कुणी उभं करत नव्हतं. "आता आपल्या घरची फौजदार झाली मनल्यावर त्याची काय बिशाद? तू नुसती वर्दी घालून बांधावर उभी राह्य, माय."

शिवकन्येनं तिचे हात धरले आणि सांगितलं, "आजी, मी फौजदार न्हाई. मी पोहते. शर्यतीत."

म्हातारीला ते समजायला वेळ लागला. तिनं शेंगांकडं बघितलं. मग म्हणाली, "मग त्या कापडात कामून उभी राहिलीस?"

तिनं काहीच केलं नव्हतं आणि तरी मान तिचीच खाली गेली. नागाबाईनं शेंगा परत पदरात भरल्या नाहीत. दिलेलं परत घ्यायला तिला लाज वाटली. ती तशीच उठून गेली, आणि त्या शेंगा त्या घरात कुणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, चला, फ्लेक्स फाटेल आणि लोक विसरतील. पण औशाकडच्या हनुमंतरावांनी मला लातुरात गाठलं. खाऊनपिऊन सुखी घर, मुलगा बँकेत. "तुमच्या भाचीचं लई नाव ऐकून राहिलो," ते म्हणाले, "बघायला येऊ का?" मला वाटलं, पोहण्याचं नाव पोचलं औशापर्यंत! छाती फुगवून मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांच्या पाहुण्यानं फ्लेक्स बघितला होता, हे मला कुणी सांगितलं नाही. आम्ही गावात शिरलो तेव्हाही मी मागच्या सीटवर त्यांच्या बायकोला दुपारच्या जेवणाचं वर्णन करत होतो, फ्लेक्स माझ्या डाव्या अंगानं निघून गेला.

बैठक झाली. अक्कानं सुशिला केला होता, मुरमुऱ्यांचा, वर शेव. हनुमंतरावांनी दोन घास खाल्ले आणि दाजींना विचारलं, "पोस्टिंग कुठं हाय मग पोरीची?"

दाजींच्या हातातला चमचा थांबला. "अजून... न्हाई आली."

मी गाढव, मीच बोललो. "कसली पोस्टिंग?"

मग व्हायचं ते झालं. हनुमंतराव भांडकुदळ माणूस नव्हते, आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मग करती काय पोरगी?"

दाजी म्हणाले, "खेळती."

"काय? कबड्डी, खोखो?"

"न्हाई. ते... पाण्यातलं."

मी दाजींना वीसेक वर्षं बघतोय. ह्याच माणसानं पोरीच्या पाठीला डबा बांधला होता. आणि त्याच्या तोंडातून 'पोहते' हा शब्द निघेना. माझीच मला लाज वाटायला लागली, की आपण असल्या बैठकीत बसलोय.

शिवकन्या आतल्या दारात उभी होती. ती बाहेर आली. साडी नेसलेली, पदर खांद्यावरून घेतलेला. म्हणाली, "मी पोहते. मेडलेत राज्यात पहिली आले."

हनुमंतरावांच्या बायकोनं हळूच विचारलं, "कापडं कोन्ती घालत्यात त्येला?"

शिवकन्येनं मोबाइल काढला, शर्यतीचा व्हिडिओ लावला आणि त्या बाईच्या हातात दिला. दाजी उठले. चपला घातल्या आणि अंगणातून, गोठ्यावरून, सरळ रानाकडं निघून गेले. व्हिडिओत लोकांचा गलका चालू होता आणि इकडं दाजींची पाठ लहान लहान होत गेली. त्या बाईनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. "लई चपळ हाय की वं," ती म्हणाली, आणि तिनं ते मनापासून म्हटलं. पण त्यांना सून फौजदार पाहिजे होती. ते गेले.

संध्याकाळी शिवकन्येला नांदेडच्या गाडीत बसवायला मी फाट्यावर गेलो. आम्ही दोघं त्या फ्लेक्सकडं पाठ करून उभे होतो.

"मामा, लग्न मोडल्याचं मला काही न्हाई," ती म्हणाली. "मी कुठं करून राहिले होते? पण औशाच्या बाईनं पाहिलं, तुम्ही पाहिलं, चहा घेऊन आलेल्या पोरानं पाहिलं. आबांनी न्हाई पाहिलं. आजपर्यंत न्हाई." मग ती रडली, पण डोळे न पुसता. "हिवाळ्यात राज्य स्पर्धा नांदेडलाच हाय. आबांना सांगा, येऊन बघा. न्हाई आले तर मी पुन्हा ह्या घरात येणार न्हाई. ज्या घरात मला लुगड्याखाली वाळत घालत्यात त्या घरात मला न्हाई यायचं."

मी निरोप दिला. दाजींनी ऐकला. दुसऱ्या दिवशी स्वतः खांबावर चढून फ्लेक्स उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला, उलटा करून. लोकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "खोटा होता." हॉटेलवर त्यावर बरंच हसणं झालं. "शेषेरावाची फौजदार सस्पेंड झाली" असंही कुणी म्हणालं. दाजींनी दोन आठवडे हॉटेलची पायरी चढली नाही. नागाबाईच्या बांधासाठी मात्र ते तिच्याबरोबर तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज देऊन आले. पोरीकडं जायचं मात्र नाव नाही. शिवकन्या दिवाळीलाही आली नाही. अक्कानं चकल्या होस्टेलवर पाठवल्या.

शेवटी अक्काच बोलली. मी तिथंच होतो. "तुमी सगळ्या गावादेखत लंगोटीवर बुड्या मारता. बाया धुणं धुऊन राहतात, पोरी पाणी भरून राहतात. तवा ह्या गावाची शरम कुठं जाती? पोरीनं तेच केलं तर तुमचं तोंड काळं झालं?" स्पर्धेच्या सकाळी दाजी माझ्या आधी तयार होऊन बसले होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी.

तलावाच्या फाटकाशी त्यांचे पाय अडखळले. मी दंडाला धरून आत नेलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. क्लोरीनचा वास, शिट्ट्या, लाउडस्पीकर. मेडलेच्या पोरी ओळीनं बाहेर आल्या, अंगावरचे टॉवेल काढून ठेवले. मी दाजींकडं बघितलं. त्यांनी टोपी पुढं ओढली होती आणि आपल्या पायाच्या अंगठ्यांकडं बघत होते.

"दाजी, वर बघा."

"हाव," ते म्हणाले. आणि बघितलं नाही.

शिट्टी झाली. शिवकन्या फ्लायला मागं होती, उताण्याला बरोबरीत आली, ब्रेस्टला पुढं निघाली. मी उभा राहून ओरडत होतो, लातूरकरानं कधी ओरडू नये इतका. शेवटच्या काही हातांत ठाण्याच्या पोरीनं तिला गाठलं. शिवकन्या दुसरी आली. शेजारचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि दाजींच्या कपाळावरून घाम निथळून अंगठ्यांवर पडत होता. मला त्यांचा इतका राग आला की तिथंच सोडून जावंसं वाटलं.

ती टॉवेल गुंडाळून कठड्याशी आली. धापा टाकत होती. बाप खरंच आलाय हे बघून तिचा चेहरा उजळलेला, पण डोळे शोधत होते. मी लगबगीनं म्हणालो, "दाजींनी सगळं पाहिलं बरं का! पहिल्यापासून."

"मामा," ती म्हणाली, "उताणी असते तेव्हा मला वरचं दिसतं. मला नुसती टोपी दिसली."

दाजी उठले. पायऱ्या उतरून कठड्यापर्यंत गेले. एक हाव म्हटलं असतं तरी त्यांची सुटका होती.

"न्हाई पाहिलं," ते म्हणाले. "खाली बघत होतो. लाज वाटली. ह्या वयाला येऊन लेकीची लाज वाटली, त्येची आता जास्त वाटून राहिली." त्यांनी पाण्याकडं हात केला. "दम राहिला असंल तर अजून एकदा पव्ह. आता बघतो."

शर्यती संपल्या होत्या. पोरी अंग सैल करायला तलावात उतरत होत्या. शिवकन्येनं टॉवेल काढून बापाच्या हातात दिला. दाजींची मान खाली गेली नाही. त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि कठडा दोन्ही हातांनी धरला.

तिनं सूर मारला. आधी फ्लाय, दमलेल्या हातांनी, पण पुरं. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती उताणी झाली आणि आमच्याकडं येऊ लागली. शिवप्पा सर काठावरनं बघत होते. भिंत आली, आता पालथं होऊन ब्रेस्ट घ्यायचं. ती वळली आणि बापाकडं तोंड करून पुन्हा उताणीच निघाली.

"अगं, ब्रेस्ट!" सर ओरडले. "ब्रेस्ट घे की!"

तिला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलंही असेल. ती तशीच उताणी, हळूहळू, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत, पोहत राहिली.